एका खोलीची सुट्टी

२८ मार्च, शनिवार

यंदा वसंताच्या सुट्टीत तळ्याकाठी जायचं नाही, असं आज जेवताना ठरलं. ठरलं म्हणजे मी मांडलं, बाबांनी मान डोलावली, बबडीने बशी पुढे ढकलली आणि आत्या म्हणाली की तिथले डास तिला तसेही कधी आवडले नव्हते. आईने सगळ्यांना पुन्हा सूप वाढलं, ज्यांना नको होतं त्यांनाही.

कारण लिहून ठेवते. आई ज्या दुकानात कपडे दुरुस्त करते, म्हणजे पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं, ते दुकान मालकीणबाई सोडणार आहेत. त्या मुलीकडे राहायला चालल्या आहेत. जागेचा भाडेकरार आईच्या नावावर करून द्यायला त्या तयार आहेत. मशिनं आणि अनामत मिळून त्यांनी एक रक्कम सांगितली आहे. ती सुट्टी संपल्यावर पहिल्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोचायला हवी. नाहीतर मोबाईलची कव्हरं विकणारा एक माणूस तयार आहे. त्याने म्हणे दारात उभं राहून दुकानाचे फोटोही काढून नेले.

कर्ज काढायचं नाही हा आईबाबांचा जुना नियम आहे. साठवलेले पैसे आणि सहलीचे पैसे मिळून जवळपास पुरतात. ‘जवळपास’ हा शब्द मी कामावर चालवून घेत नाही, म्हणून घरीही चालवून घेणार नाही. उरलेलं अंतर सुट्टीच्या दिवसांतच भरून काढता येईल. घरात सगळे असतात तेव्हा खर्च जास्त होतो, म्हणजे वाचवायलाही तिथेच जागा आहे.

आईने एकोणीस वर्षं त्या दुकानात काढली आहेत. तिला आनंद झालेला दिसायला हवा होता. कदाचित तळं चुकल्याचं वाईट वाटत असेल.

१ एप्रिल, बुधवार

योजना वाचून दाखवली. मी मोठ्या इमारती गरम ठेवण्याचं काम करते. एक इस्पितळ, दोन कार्यालयं, एक पोहण्याचा तलाव. त्या मानाने आमचं घर म्हणजे काहीच नाही. आमच्या गॅसच्या मीटरमध्ये आधी पैसे भरावे लागतात, त्यामुळे जेवढं जळणार नाही तेवढं लगेच हातात राहतं. स्वयंपाकघराला लागून असलेली मोठी खोली तेवढी गरम ठेवायची. बाकी सगळ्या खोल्यांचे रेडिएटर पूर्ण बंद. गाद्या मोठ्या खोलीत आणायच्या. सगळ्यांनी तिथेच बसायचं, तिथेच झोपायचं.

आत्या बाबांची थोरली बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे असते. तिने विचारलं, “आणि माझं घोरणं तुझ्या हिशेबात कुठे धरलंयस, इंजिनियरबाई?”

मी सांगितलं की आवाजाने खोलीचं तापमान बदलत नाही. बबडी म्हणाली की तिचं तापमान बदलतं. बबडी माझी धाकटी बहीण. शाळेचं शेवटचं वर्ष, आणि घरात कोणी तिच्या फोनकडे बघू शकेल ही कल्पनाच तिला सहन होत नाही.

बाबांनी फक्त मागच्या खोलीबद्दल विचारलं. तिथे कोणाला जावं लागेल का? मी म्हटलं, कोणालाही नाही; दार बंद राहील आणि दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबलेला असेल. ते समाधानाने “उत्तम, साहेब” म्हणाले. बाबा रंगारी आहेत. बंदिस्त हवेचं महत्त्व त्यांना पटकन कळतं.

नंतर भांडी विसळताना आई म्हणाली की बबडीचे बूट फाटले आहेत, सुट्टीआधी नवे घ्यायला हवेत. मी बूट पाहिले. उन्हाळ्यापर्यंत चालतील.

३ एप्रिल, शुक्रवार

आजपासून सोमवारपर्यंत बाजार, बँका, कार्यालयं सगळं बंद. पहिला दिवस ठरल्याप्रमाणे गेला.

खोलीत पाच गाद्या मांडल्यावर चालायला जी वाट उरते ती एका माणसाची आहे. समोरून कोणी आलं तर एकाला गादीवर चढावं लागतं. आत्या कोणासाठीही चढत नाही. बबडीने भिंतीकडचा कोपरा पकडून चादरीचा पडदा बांधला आणि आत बसून राहिली, पण बाहेर पत्ते सुरू झाल्यावर चादरीच्या वरून डोकं काढून आत्याची पानं बाबांना सांगायला लागली. आत्याने तिला फितूर म्हटलं. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

जेवायला बटाटे, कोबी आणि कालचा पाव भाजून. कोणी तक्रार केली नाही. मला वाटलं होतं करतील.

आई दुपारी म्हणाली की आत्याचा चष्मा बदलायला हवा. आत्या म्हणाली, तिला या चष्म्यातून जेवढं दिसतं तेवढं पुरे आहे, जास्त दिसलं तर आमच्याशी पटणार नाही. मग आई म्हणाली की निदान रविवारी एक दिवस तरी सगळ्यांनी तळ्यावर जाऊन यावं. एका दिवसाने काय फरक पडतो? मी तिला किती फरक पडतो ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि इस्त्रीला बसली.

खर्च करायची कारणं शोधणं हा आईचा स्वभाव नाही. ती पुड्यांचे दोरेही जपून ठेवते.

४ एप्रिल, शनिवार

बाहेर अचानक कडाका पडला आहे. कार्यालयाच्या गच्चीवरच्या तापमान मोजणाऱ्या यंत्राची गेल्या काही वर्षांची एप्रिलची सरासरी पाहून मी योजना केली होती. सरासरीपेक्षा आज खूपच थंडी आहे. काल रात्री बाहेर शून्याखाली सात. मोठी खोली मात्र एकोणीसवर स्थिर होती. एवढ्या थंडीत एवढा कमी गॅस लागला, याचं मला समाधान आहे.

दोन लहान गोष्टी. मागच्या खोलीच्या दाराखालचा टॉवेल मी लावला होता तसा नाही. मी गुंडाळी करून लावला होता, आता घडी आहे. बबडी काहीतरी आणायला गेली असणार. विचारलं तर भांडण होईल, म्हणून विचारलं नाही. दुसरं, बाबांच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येतो. सुट्टीत काम घेतलं का म्हणून विचारलं, तर म्हणाले की एवढ्या वर्षांत तो वास आता हाडांत गेला आहे.

संध्याकाळी मालकीणबाईंचा आईला फोन आला. पैसे होत आहेत ना, एवढंच विचारायला. आई “हो, हो” म्हणाली आणि फोन ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी तिला सांगितलं की आपण योजनेच्या पुढे आहोत, मंगळवारपर्यंत रक्कम पूर्ण होईल, वर थोडं उरेलही.

“नक्की?” तिने विचारलं.

“नक्की.”

ती म्हणाली, बरं. मग उगाचच माझ्या स्वेटरची बाही सारखी केली, जी सारखीच होती.

५ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी चहा चालू असताना दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. त्या ओली उशी घेऊन उभ्या होत्या.

“तुमचं पाणी माझ्या पलंगावर आलंय,” त्या म्हणाल्या. “घेऊन जा.”

मी आधी मुख्य कॉक बंद केला, मग मागच्या खोलीचं दार उघडलं. खोलीत बाहेरइतकीच थंडी होती. खिडकी हातभर उघडी होती आणि मिटू नये म्हणून तिच्यात रंगाचा ब्रश अडकवलेला होता. कोपऱ्यात हात धुवायचं लहान बेसिन आहे, त्याचा पाइप बाहेरच्या भिंतीतून येतो. तो बोटभर उकलला होता. दोन रात्रींत आतलं पाणी गोठलं, पाइप फाटला, आणि सकाळी भिंतीवर ऊन आल्यावर बर्फ वितळून धार लागली.

खोलीच्या मध्यभागी, दोन स्टुलांवर, एक लांब फळी आडवी ठेवलेली होती. गडद निळी जमीन, पांढरी अक्षरं. वरच्या ओळीत आईचं नाव. खाली ‘कपड्यांची दुरुस्ती’. रंग अजून पुरता वाळला नव्हता. पाणी फळीच्या खालून वाहून गेलं होतं.

तोवर सगळे दारात जमले होते. बाबा म्हणाले, “खिडकी मी उघडली. वास कोंडला असता, रंगही वाळला नसता.”

मी म्हटलं, चूक खिडकीची नाही. रेडिएटर मी पूर्ण बंद केला. गोठू नये एवढी ऊब कायम ठेवायची असते. त्यासाठी व्हॉल्व्हवर वेगळी खूण असते. मी त्या खुणेच्याही खाली गेले.

“बंद खोलीत खिडकी उघडी ठेवल्यावर तुझा व्हॉल्व्ह काय करणार?” बाबा म्हणाले.

“बंद व्हॉल्व्ह असताना खिडकी लावलेली असती तरी—”

“आधी बादल्या धरा,” आत्या म्हणाली. “गुन्हा कोणाचा ते मागाहून ठरवू. मीही काहीतरी केलं असेल, बघते आठवून.”

आई मात्र पाण्याकडे बघत नव्हती. तिने पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. दोनच ओळी होत्या, एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली, “अजून पैसे दिले नाहीत आपण.”

बाबा म्हणाले, “रंग उरला होता.”

पाइपचा तुकडा मी कापून जोडला. सामान माझ्या पेटीत होतं. मग खाली जाऊन नुकसान पाहिलं. सिस्टरांच्या झोपायच्या खोलीच्या छतावर मोठा तपकिरी डाग, पडद्यांवर त्याच रंगाचे ओघळ, गादी आरपार भिजलेली. गोठू शकणारा पाइप असलेल्या खोलीचा रेडिएटर कधीही पूर्ण बंद करू नये, हे मी इस्पितळाच्या देखभालवाल्याला याच हिवाळ्यात दोनदा ऐकवलं आहे. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात.

सिस्टर म्हणाल्या, त्यांना पैसे नकोत, त्यांचं छत होतं तसं हवं. गादीबद्दल त्या बोलल्याच नाहीत. आईच बोलली. बाजार उघडला की पहिल्यांदा नवी गादी आणायची, आणि साधी नाही, पाठीला चांगली असेल ती. मी मनात वजाबाकी केली. गादी घेतली तर मंगळवारची रक्कम भरत नाही. आईलाही ते कळलं असणार. तरी तिचा चेहरा उतरला नाही. कालपासून प्रथमच तिचा आवाज मोकळा वाटला. हे मला समजलं नाही.

कामावरून हवा सुकवायचं यंत्र मागून आणलं. ते रात्रभर सिस्टरांच्या खोलीत चालू राहील, म्हणून त्या झोपायला आमच्याकडे आल्या आहेत. त्यांना माझी गादी दिली, मी जाजमावर. आता खोलीत सहा माणसं आहेत. आत्या आणि सिस्टर आपापल्या जुन्या साहेबांना नावं ठेवताहेत आणि बबडी चादरीच्या बाहेर येऊन ऐकते आहे. रेडिएटर कमी केला तरी तापमान एका अंशाने वाढलं आहे. माणसांची ऊब मी योजनेत धरली नव्हती.

६ एप्रिल, सोमवार

सकाळपासून सगळे खाली. बाबांनी छताचा सैल झालेला रंग खरवडला, डाग वर येऊ नये म्हणून पहिला हात दिला. शेवटचा हात गुरुवारी, पूर्ण वाळल्यावर. छताचा जुना पांढरा रंग नुसता पांढरा नव्हता, म्हणून ते झाकणांत थोडंथोडं पिवळं आणि काळं मिसळून पाहत होते. प्रत्येक वेळी सिस्टर खुर्चीवरून “नाही” म्हणत होत्या. सहाव्यांदा त्या गप्प राहिल्या. बाबांच्या चेहऱ्यावर मी एवढा आनंद तळ्याकाठी कधी पाहिलेला नाही. बबडीने शिडी धरली आणि केसांत रंग घेऊन वर आली. आंघोळीला गरम पाणी हवं म्हणाली. मी दिलं.

दुपारी आई आणि मी वर. पडद्यांचे ओघळ निघत नव्हते, म्हणून आईने स्वतःच्या पेटीतलं जाड कापड काढलं. आमच्याच खोलीसाठी घेतलेलं, कधी शिवलं नव्हतं. मी टोक धरलं, तिने काठ दुमडून टाचण्या लावल्या. तिचे हात बघत राहावं असे चालतात. मोजपट्टी ती एकदाच लावते.

तिने विचारलं, “आता किती कमी पडतात?”

मी सांगितलं.

“मग राहिलं,” ती म्हणाली. जड पिशवी खाली ठेवावी तसं म्हणाली.

मी म्हटलं, कामावरून आगाऊ पगार मागता येईल. ती लगेच नको म्हणाली. मी म्हटलं, मग आत्याकडे थोडे आहेत, ती स्वतःहून देईल. त्यालाही नको. मी तिसरा उपाय सांगायला लागले तेव्हा तिने टाचण्यांची डबी बंद केली.

“तू एवढी हुशार, आणि तुला दिसत नाही?” ती म्हणाली. “पैसे कमी पडावेत असं मलाच वाटत होतं. बूट काय, चष्मा काय. काल पाणी आलं आणि रात्री पहिल्यांदा झोप लागली मला.”

मी विचारलं, का.

“एकोणीस वर्षं चूक झाली की मालकीणबाई निस्तरायच्या. नाव त्यांचं होतं. आता यांनी एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. कोणाचा कोट बिघडला की माणूस बाहेर येऊन आधी वर बघणार, कोणी बिघडवला म्हणून.”

अशा वेळी काय बोलतात ते मला येत नाही. मग जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, काल मी एका बाईंचं छत, पडदे आणि गादी बिघडवली. माझ्या कामातली सगळ्यात प्राथमिक चूक, शिकाऊ माणूससुद्धा करत नाही. त्या बाई रात्री माझ्या गादीवर झोपल्या, सकाळी आपल्याकडे चहा प्यायल्या आणि आता खाली बाबांशी पांढऱ्या रंगावरून वाद घालताहेत.

आईने दोरा दातांनी तोडला. पडदा झटकून उजेडात धरला. शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली.

“उद्या माझ्याबरोबर चल,” ती म्हणाली. “आत नको येऊस. बाहेर थांब.”

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी गादी घेतली. बाबा आणि दुकानातला माणूस ती जिन्यावरून चढवत असताना सिस्टर वरून सूचना देत होत्या.

आईसाठी मी मुद्दे लिहून दिले होते. रक्कम किती कमी आहे, कधी पूर्ण होईल, मालकीणबाईंनी हरकत घेतली तर काय म्हणायचं. तो कागद ती आत्याच्या औषधांखाली ठेवून आली, हे मला अर्ध्या रस्त्यात कळलं.

दुकान कोपऱ्यावर आहे. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला पुस्तकांची झेरॉक्स काढणारा. मी समोरच्या फुटपाथवर बसथांब्यापाशी उभी राहिले. काचेतून दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. आईने पाकीट ठेवलं. मालकीणबाईंनी पैसे मोजले, पुन्हा मोजले, नाही म्हणून मान हलवली. आई काहीतरी बोलली. मालकीणबाईंनी आणखी मान हलवली आणि फोन हातात घेतला, बहुतेक त्या कव्हरवाल्यासाठी.

मग आईने पाकीट परत उचललं. पर्समध्ये टाकलं, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली स्वतःची कात्री काढून तीही पर्समध्ये टाकली आणि दाराकडे निघाली. मी रस्ता ओलांडायला पुढे झाले. मला वाटलं, संपलं. मी तिला काय सांगायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात बस मध्ये आली.

बस गेली तेव्हा आई पुन्हा आत, खुर्चीत बसलेली होती. मालकीणबाई कागदावर लिहीत होत्या.

बाहेर आली तेव्हा तिला जिना चढून आल्यासारखा दम लागला होता. आम्ही झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, काय म्हणालीस?

“म्हटलं, आज एवढेच आहेत. उरलेले उन्हाळा संपता संपता. चालत नसेल तर उद्यापासून मी येणार नाही, कोपऱ्यापलीकडे कुठेतरी मशीन मांडेन, आणि माझी गिऱ्हाइकं मला शोधत येतील.”

“खरंच मांडलं असतंस?”

“मला काय माहीत. तोंडातून निघून गेलं.” ती हातांकडे बघत होती. हात थरथरत होते. “गिऱ्हाइकांना ‘माझी’ म्हटलं गं मी. त्यांच्या तोंडावर.”

मी तिचा हात धरला. थरथर थांबावी म्हणून. थांबल्यावरही बराच वेळ धरून ठेवला, कारण ती पुन्हा सुरू होऊ शकते.

११ एप्रिल, शनिवार

सुट्टी संपली, थंडी गेली. परवा संध्याकाळी गाद्या आपापल्या खोल्यांत परत नेल्या. मी माझी नेली नाही. माझ्या खोलीचा रेडिएटर या वेळी बरोबर खुणेवर ठेवला आहे, पण तिथे झोपत नाही. मोठ्या खोलीतल्या गॅसच्या खपाची नोंद सुट्टीच्या चारच दिवसांची आहे, त्यातही एका रात्री सहा माणसं होती. एवढ्यावर निष्कर्ष काढणं बरोबर नाही. आणखी काही दिवस पाहायला हवं.

बबडीचंही म्हणणं आहे की तिच्या खोलीत अजून गार लागतं. तिने चादर पुन्हा बांधली, पण अर्धीच. आत्या तर हललीच नाही. तिचं म्हणणं, तिला इथून स्वयंपाकघर जवळ पडतं. बाबा दोन खोल्या ओलांडून विचारायला येतात, सगळ्या साहेबलोकांना ऊब पुरेशी आहे ना, आणि मग पत्त्यांचा एक डाव खेळून जातात.

सिस्टरांचं छत गुरुवारी पूर्ण झालं. डाग कुठे होता हे मला सांगता येत नाही. त्यांना येतं, पण त्या म्हणतात की त्या कोणाला सांगणार नाहीत.

१७ एप्रिल, शुक्रवार

काम लवकर संपलं. कोटाचं खालचं बटण दोऱ्यावर लोंबकळत होतं. घरी लावता आलं असतं. तरी कोपऱ्यावर आईच्या दुकानात गेले.

आत तीन माणसं होती. एक बाई लग्नाचा पोशाख घालून खुर्चीवर उभी होती आणि आई तिच्या पायाशी गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. ती बाई म्हणत होती की घेर जास्त झाला आहे. आईने टाचण्या काढल्या, घेर हातात धरून पाहिला आणि म्हणाली, हो, जास्त झालाय, चूक माझी आहे, परवा न्यायला या, जास्तीचे पैसे नाहीत. त्या बाईने “बरं” म्हटलं. एवढंच झालं.

मग तिने मला पाहिलं. मी बटण दाखवलं. तिने एक बोट वर करून पँटींची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मागची जागा दाखवली आणि पुन्हा घेराकडे वळली.

त्या माणसाने मागे वळून सांगितलं की इथे थोडा वेळ लागतो, पण बाई काम चांगलं करतात.

मी म्हटलं, ऐकलंय. आणि रांगेत उभी राहिले.